चांदीपुरा: नागपूरच्या एका भागाचं नाव लावणारा विषाणू

1965 साली नागपुरात तापाची मोठी साथ होती. डेंगी आणि चिकुनगुन्याचा जोर होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था) रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासताना दोन नमुन्यांत भलताच विषाणू निघाला. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये तो जगापुढे मांडला. नाव दिलं चांदीपुरा.

बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा विषाणू पुढे बरीच वर्षं विस्मृतीत गेला. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. सकाळी ताप, मग झटके, मग बेशुद्धी. कित्येकदा दिवसभरात खेळ संपतो. 2007 मध्ये तो विदर्भातही परतला.

पसरवते वाळूमाशी. डासापेक्षाही लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर केस, बसली की पंख वर उभे धरणारी. मातीच्या भिंतीच्या भेगा आणि गोठ्यातली ओल हे तिचं घर. म्हणून भेगा लिंपणं आणि फवारणी हाच आजचा खरा उपाय. खास औषध नाही, लसही बाजारात नाही. पुण्यात लसीवर प्रयोग झाले आहेत. साथ अधूनमधून, तीही खेड्यातल्या गरीब घरांत येते. अशा लसीत पैसा घालायला कोण धावेल? मला हे फार सलतं. कारण याच विषाणूचा एक चुलतभाऊ, व्हीएसव्ही, वापरून इबोलाची लस तयार झाली आहे.