बिनपगारी श्रमांचा शब्दकोश

ज्या श्रमाला मोबदला नाही त्याची राष्ट्रीय उत्पन्नात गणना करावयाची नाही, असा अर्थशास्त्राचा रूढ प्रघात आहे. या प्रघाताचे अपुरेपण दाखवणारे उदाहरण म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’.

प्रत्येक शब्दाचा इतिहास सांगणारा कोश करावा, हा विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आला. आपल्याकडे मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती त्याच वर्षीची. पण तो कोश सरकारी आश्रयाने सिद्ध झाला होता. इंग्रजी कोशाने मात्र हात पसरले ते सामान्य वाचकांपुढे. १८७९ साली संपादक जेम्स मरे यांनी जाहीर आवाहन केले: पुस्तके वाचा आणि शब्द, तो ज्यात आला ते वाक्य, ग्रंथ व साल चिठ्ठीवर उतरवून पाठवा. मरे स्वतः शाळामास्तर; त्यांचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षीच थांबलेले.

चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केलेले फिट्झएडवर्ड हॉल यांनी उत्तरायुष्यातील अनेक वर्षे रोजचे काही तास या कामी वेचले. विल्यम मायनर या अमेरिकन लष्करी डॉक्टरने मनोरुग्णांच्या बंदिवासातून हजारो अवतरणे पाठवली. विद्यापीठांची दारे ज्यांना पुरती उघडलेली नव्हती अशा अनेक स्त्रियांनीही हातभार लावला.

परंतु केवळ उत्साहाने कोश होत नाही. वाचकांची नजर विलक्षण शब्दांवर खिळे आणि नित्याचे शब्द निसटत. ‘अ‍ॅब्यूजन’ या दुर्मिळ शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे आली. ‘अ‍ॅब्यूज’ या रोजच्या शब्दाची पाचही नव्हती! ही उणीव भरून काढण्यास पगारी साहाय्यक आणि दीर्घकाळ तोटा सोसणारा प्रकाशक लागला. दहा वर्षांत उरकण्याचे ठरलेले काम १९२८ साली पुरे झाले. मरे १९१५ सालीच निवर्तले होते. अखेरीस चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर अवतरणे ग्रथित झाली.

तात्पर्य, स्वयंसेवा ही वेतनाला पर्याय नव्हे. पण केवळ वेतनानेही असे काम उभे राहत नाही. आपल्या सुताराचे, कोळ्याचे, विणकराचे शब्द त्या त्या व्यवसायाबरोबर मावळत आहेत. ते टिपण्यास शिक्षक, कारकून व विद्यार्थी पुरेसे आहेत. मात्र त्यांच्या चिठ्ठ्या सांभाळणारी, पारखणारी आणि खर्च सोसणारी संस्था पाठीशी हवी. ती नसेल तर त्या चिठ्ठ्यांची रद्दीच होईल.