टकरींचा हिशेब : धातूंतील चुंबकीय रोधाचा मागोवा

धातूच्या तारेतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना स्फटिकातील अणूंची कंपने, परके अणू आणि रचनेतील दोष यांमुळे वारंवार दिशा बदलावी लागते. या दिशाबदलाला प्रकीर्णन म्हणतात आणि धातूचा विद्युत् रोध हा मुळात त्याचाच परिणाम होय. अशा तारेवर चुंबकीय क्षेत्र लावले असता रोध किती बदलतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि त्याचे उत्तर वारंवार अपेक्षेबाहेरचे निघाले आणि प्रत्येक वेळी प्रकीर्णनाविषयीची रूढ समजूत दुरुस्त करावी लागली.

विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५७ मध्ये लोखंड व निकेल यांच्या बाबतीत असे दाखवले की, चुंबकनाच्या दिशेने रोध वाढतो आणि तिच्या काटकोनात तो घटतो. फरक अत्यल्प होता व त्याचे कारण सांगण्याची साधने त्या काळी नव्हती. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हेही क्षेत्रामुळे रोध वाढतो का, हेच आधी तपासत होते; ती वाढ त्यांना सापडली नाही, पण काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खात प्रवाहाला आडवा विद्युत् दाब निर्माण होतो, हे त्यांना आढळले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अद्याप अठरा वर्षे होती.

पाउल द्रूडे यांनी १९०० मध्ये इलेक्ट्रॉनांना वायूच्या कणांसारखे मानून जी उपपत्ती मांडली, तिच्या साध्या रूपानुसार हॉल यांचा आडवा दाब चुंबकीय बलाला नेमका तोलून धरतो आणि म्हणून रोध मुळीच बदलू नये. प्रत्यक्षात मात्र तो बहुतेक धातूंत वाढलेला दिसे, शिवाय जस्तासारख्या धातूंत हॉल दाबाचे चिन्हही उलटे येई. उलट्या चिन्हाचा उलगडा रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये पुंजयामिकीच्या आधारे केला. रोधवाढीच्या बाबतीत मॅक्स कोलर यांनी १९३८ मध्ये सांगितलेला नियम महत्त्वाचा ठरला : सापेक्ष वाढ ही क्षेत्र व क्षेत्रविरहित रोध यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, म्हणजे दोन टकरींच्या दरम्यान इलेक्ट्रॉन आपल्या वर्तुळाकार मार्गाचा किती भाग पुरा करू शकतो, यावर. धातू जितका शुद्ध व थंड, तितका क्षेत्राचा प्रभाव मोठा. केंब्रिजमध्ये प्योत्र कापित्सा यांनी सुमारे ३० टेस्लापर्यंतची क्षणिक क्षेत्रे निर्माण करून मोजलेली सरळ रेषेतील वाढ मात्र दीर्घकाळ कोडेच राहिली. इलेक्ट्रॉनांचे काही मार्ग बंद वर्तुळे नसून उघडे असतात, हे १९५६ नंतर इल्या लिफ्शित्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवल्यावर ते सुटू लागले.

या सगळ्या विवेचनात प्रकीर्णन ही निव्वळ अडवणूक मानली गेली होती. ती समजूत खऱ्या अर्थाने मोडली ती सोन्यातील एका विसंगतीने. तापमान उतरले की अणूंची कंपने मंदावतात आणि रोध घटून शेवटी अशुद्धींपुरता उरतो, असे माथीसेन यांच्या एकोणिसाव्या शतकातील नियमावरून अपेक्षित होते. पण लायडन येथे १९३४ मध्ये सोन्याचा रोध काही केल्व्हिन तापमानाला किमान होऊन पुन्हा वाढताना दिसला. जपानचे जुन कोंडो यांनी तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याचे कारण दिले. लोखंडासारख्या चुंबकीय अशुद्धीवर आदळताना इलेक्ट्रॉनाचे परिवलन, म्हणजे त्याचा अंगभूत चुंबकीय गुणधर्म, उलटू शकते आणि अशा टकरींचा वाटा तापमान उतरताना वाढत जातो. चुंबकीय क्षेत्र हे उलटणे रोखते, त्यामुळे येथे क्षेत्राने रोध चक्क घटतो. अडथळा आतून कसा आहे, हे क्षेत्राच्या साहाय्याने पाहता येते, हा या प्रकरणाचा खरा लाभ होय. किमान बिंदूच्या स्पष्टीकरणापेक्षाही तो मोठा म्हणावा लागेल.

१९८० च्या सुमारास पातळ पटलांत आणखी एक प्रकार उजेडात आला. एकाच बंद मार्गावरून उलटसुलट दिशांनी फिरून येणाऱ्या इलेक्ट्रॉन-तरंगांच्या व्यतिकरणाने रोध किंचित वाढतो आणि अल्प क्षेत्रानेही ती वाढ पुसली जाते. मात्र मॅग्नेशियमच्या पटलावर सोन्याचे मोजके अणू बसवले तरी या बदलाचे चिन्ह फिरते, असे गेर्ड बेर्गमान यांनी १९८२ मध्ये दाखवले.

१९८८ मध्ये आल्बेर फेर यांच्या पॅरिसजवळील गटाने ३ नॅनोमीटर लोखंड व ०.९ नॅनोमीटर क्रोमियम यांचे थर आलटून पालटून रचले आणि ४.२ केल्व्हिनला सुमारे २ टेस्ला क्षेत्राने त्यांचा रोध जवळजवळ निम्म्यावर आणला. युलिश येथील पेटर ग्रूनबेर्ग यांनाही हाच परिणाम स्वतंत्रपणे सापडला. शेजारच्या थरांचे चुंबकन परस्परविरुद्ध असताना दोन्ही परिवलनांचे इलेक्ट्रॉन कोठे ना कोठे अडतात, तर ते समांतर झाले की एका परिवलनाच्या इलेक्ट्रॉनांना सर्व थरांतून सुलभ वाट मिळते. या दोघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयबीएमने या परिणामावर आधारलेली हार्ड डिस्कची वाचनशीर्षे १९९७ मध्ये बाजारात आणली. त्याआधी काही वर्षे त्या कंपनीच्या डिस्कमधील वाचनशीर्षे टॉमसन यांच्या १८५७ मधील अल्प फरकावरच चालत होती.