रत्नागिरी जिल्ह्यातील डिजिटल समावेशन

रत्नागिरी जिल्ह्यातील डिजिटल समावेशन म्हणजे शासकीय सेवा, जमिनीच्या नोंदी, शिक्षण आणि सागरी माहिती संगणक व मोबाइलच्या साहाय्याने जिल्ह्यातील ग्रामीण रहिवाशांपर्यंत पोहोचवण्याची प्रक्रिया होय. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. पुरुषांचे मुंबईकडे होणारे स्थलांतर हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. त्यामुळे ऑनलाइन सेवा वापरण्याची वेळ बहुधा गावी राहणाऱ्या स्त्रियांवर व वृद्धांवर येते.

वाडी आणि सेवा केंद्र

कोकणातील गाव एकसंध नसते. त्याच्या वाड्या डोंगरउतारावर, सड्यावर व खाडीकाठी विखुरलेल्या असतात. ग्रामपंचायतींमध्ये २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाची संगणक केंद्रे सुरू झाली. पुढे त्यांची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. दाखल्यासाठी तालुक्याला घालावी लागणारी खेप यामुळे वाचू शकते. मात्र भारतनेटची फायबर तार ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याची योजना आहे. तेथून पुढे दरीतल्या वाडीला मोबाइलच्या ‘रेंज’वरच विसंबावे लागते. २०२० मध्ये शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका दाखवण्यात आली. जुने म्हणून मागे पडलेले हे माध्यम इंटरनेट नसलेल्या घरांतही पोहोचू शकले.

सातबारा

जिल्ह्यात शेतजमिनीचे तुकडे लहान आणि खाती बहुधा सामायिक आहेत. पणजोबांपासून चालत आलेल्या सातबाऱ्यावर चुलत घराण्यांतील अनेक हिस्सेदारांची नावे असतात. काही हिस्सेदार मुंबईत असतात, तर काही मयत असूनही वारसनोंद झालेली नसते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. त्यामुळे उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयात जाण्याची गरज उरली नाही आणि मुंबईतील हिस्सेदारालाही तो तेथूनच काढता येऊ लागला. मूळ नोंद मात्र संगणकावर आल्याने बदलली नाही.

हा प्रश्न ‘ई-पीक पाहणी’त ठळक होतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत खातेदाराने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र ॲपवर नोंदवणे अपेक्षित आहे. खातेदार मुंबईत आणि भाताची लावणी करणारी पत्नी किंवा भावजय गावी, अशा घरात हे गृहीतकच लंगडे पडते. एका मोबाइलवरून इतरांचीही पाहणी नोंदवता येत असल्याने शेजारच्या मुलाकडून काम भागवता येते; पीक मात्र खातेदाराच्याच नावे लागते. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना १९९२ सालची, म्हणजे ऑनलाइन सातबाऱ्याहून बरीच जुनी आहे. हे नाव लागल्याखेरीज ॲपमध्ये ती स्त्री खातेदार ठरत नाही.

मासेमारी

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून मासळी सापडण्याची संभाव्य क्षेत्रे कळवते. ढगाळ हवेत उपग्रहाला समुद्र दिसत नसल्याने त्यात खंड पडतो. हा सल्ला नौकांसाठी असतो. हर्णे किंवा मिरकरवाडा बंदरावर मासळी विकत घेऊन ती पाटीतून गावोगाव विकणाऱ्या स्त्रियांच्या व्यवसायाशी त्याचा थेट संबंध येत नाही.