जातं राहू द्या, पंखा बंद करा

घरातल्या आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात म्हणून लोक मला विचारतात, ‘कोणता रेकॉर्डर घेऊ?’ मी उलट विचारते, ‘आजी बसणार कुठे?’ रस्त्याकडच्या खोलीत सदाशिव पेठेतल्या रिक्षांचे हॉर्न कुठलंच यंत्र गाळून देत नाही. मागची, गाद्या-रजयांची खोली निवडा. मऊ कापड आवाज शोषून घेतं. फरशी आणि उघड्या भिंतींत तो घुमतो. वेळेचं म्हणाल तर पुणेकरांच्या दुपारच्या झोपेची थट्टा खूप झाली, पण एक ते चारएवढं शांत शहर एरवी मिळत नाही. पंखा बंद, फ्रीजही बंद. मी गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवते, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरायला होत नाही.

ओवीचं रेकॉर्डिंग कशासाठी, याचं उत्तर पुण्यातच आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर जाते. मात्र ध्वनिमुद्रण आहे ते सुमारे 120 तासांचं. नव्वदच्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आल्यावर झालेलं. शब्द वहीत उतरले, पण गळा, ओढ, दम घ्यायची जागा वहीत कशी उतरणार? 2017पासून ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर या ओव्या गाणारणीचं नाव आणि गाव यांच्यासकट ऐकायला मिळतात. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आजीकडून नाव, गाव, माहेर वदवून घ्या. तारीख तुम्ही सांगा.

आता यंत्र. वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. स्टीरिओत तासाला साधारण एक जीबी लागते, म्हणजे 32 जीबीचं कार्ड कितीतरी दिवस पुरतं. जागा वाचवायला एमपी3 नको. मग ऑटो लेव्हल बंद करा. ती चालू असली की आजी श्वासाला थांबली रे थांबली, यंत्र आपोआप कान टवकारतं आणि खोलीतली सगळी सरसर वर येते. लेव्हल हातानं लावा. ‘हॅलो, हॅलो’वर नको, तिला येणारी सगळ्यात चढ्या आवाजातली ओवी आधी म्हणवून घ्या आणि काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज बहुधा नीट शिवता येत नाही. कमी लेव्हल मात्र 24 बिटमध्ये नंतर निर्धास्त वाढवता येते.

माइक तोंडापासून दीड वीत, किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भची फुंकर थेट बसत नाही. अंतर दुप्पट झालं की गळ्याचा आवाज निम्म्यावर येतो. खोलीची घूं मात्र तेवढीच राहते. रेकॉर्डर हातात धरू नका, बोटांची खरखर येते. छोटा स्टँड, त्याखाली घडी घातलेली गोधडी. अंगणात बसलात तर वाऱ्यामुळे माइकच्या फोमच्या टोपीवर भागत नाही, केसाळ टोपी लागते. फोन विमान मोडवर.

लो कट नावाचं एक बटण असतं. 80 हर्ट्झला ठेवलं की रस्त्यावरची बसची घरघर बरीच कमी होते आणि बाईचा गळा, जो 200च्या आसपास असतो, शाबूत राहतो. पण आजी खरोखर जातं ओढत गाणार असेल तर ते बटण मी बंदच ठेवते. जात्याची घरघर हा गोंगाट नाही; ओवीची लय त्या फेऱ्यावरच बांधलेली असते. दगडाची थरथर जमिनीतून स्टँडमध्ये येते तेवढी गोधडीनं अडवायची.

हे सगळं हेडफोन लावूनच करा. आपला कान सवयीनं पंख्याची घूं वगळतो, रेकॉर्डर वगळत नाही. शेवटी अर्धं मिनिट कुणी बोलू नये. तेवढी नुसती खोली रेकॉर्ड केलेली असली की पुढं जोडकामाला उपयोगी पडते.

रात्री फाइलला तारीख-गावाचं नाव द्या, दोन ठिकाणी उतरवा आणि दुसरी प्रत वाजवून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. नातवंडं तेच कार्ड लग्नाच्या फोटोंसाठी मागायला येतात.