आधीचे आयुष्य घेऊन येणारे मूल

एका देशात जन्मलेल्या मुलाचे पालकत्व दुसऱ्या देशात राहणाऱ्या कुटुंबाने कायमचे आणि कायद्याने पूर्णपणे स्वीकारणे, याला आंतरदेशीय दत्तकविधान म्हणतात. अशा मुलाला घरी आणण्याची तयारी म्हटली की दोन गोष्टी चटकन डोळ्यांसमोर येतात: एक कागदपत्रांची, दुसरी पाळणा, कपडे आणि खेळण्यांनी सजवलेल्या खोलीची. या दोन्ही आवश्यकच आहेत. परंतु ज्या तयारीवर मुलाचे पुढचे आयुष्य खऱ्या अर्थाने अवलंबून असते ती तिसरी आहे, आणि ती म्हणजे येणाऱ्या मुलाचे आयुष्य आपल्या दारापासून सुरू होत नाही, त्याच्या वाट्याला आधीच एक भाषा, काही चवी, काही आवाज, काही माणसे आणि त्या सर्वांपासून झालेली ताटातूट आलेली आहे, हे मनापासून मान्य करण्याची. भारतातून परदेशी जाणाऱ्या मुलांच्या संदर्भात कायदा, वैद्यक आणि मानसशास्त्र ही तिन्ही आज हेच सांगतात, मात्र तिथवर पोहोचायला बराच काळ जावा लागला.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ मध्ये झाला, पण त्याचा लाभ हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता असल्यामुळे परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे केवळ पालकत्व मिळवत आणि आपल्या देशात नेऊन तिथे त्याला दत्तक घेत. मधल्या काळात मूल नेमके कोणाचे, या प्रश्नाला धड उत्तर नसे. या व्यवहारातील गैरप्रकारांकडे लक्ष वेधणारे पत्र वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहिले, न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालाने परदेशी दत्तकविधानाची पहिली सविस्तर चौकट घातली. त्यातूनच पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन यंत्रणा, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली ‘कारा’, उभी राहिली. आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने काराला वैधानिक दर्जा दिला.

हेग कराराचा गाभा एका क्रमात आहे. मुलाला शक्यतो त्याच्या जन्मकुटुंबातच राहता यावे, ते शक्य नसेल तर त्याच्या देशात घर मिळावे, आणि तेही न जमल्यास परदेशातील घराचा विचार व्हावा. भारतीय कायद्यात हा क्रम असा उतरला आहे की, बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे जाहीर केल्यापासून ६० दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते परदेशी कुटुंबासाठी उपलब्ध होते. दिव्यांग मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना त्यात प्राधान्य देता येते. याचा व्यावहारिक अर्थ दत्तकेच्छू पालकांनी आरंभीच समजून घेतला पाहिजे. देशातील बहुतेक पालक लहान, निरोगी बाळाची वाट पाहत असल्याने परदेशी घरी जाणारे मूल बहुधा मोठे असते, भावा-बहिणीसह येणारे असते किंवा त्याला काही विशेष वैद्यकीय गरज असते. तान्ह्या बाळाचे चित्र मनात धरून बसलेल्या दांपत्याला सात वर्षांच्या मुलीची माहिती हाती आल्यावर जो धक्का बसतो, त्याची झळ शेवटी त्या मुलीलाच लागते.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना येथे एक खुलासा उपयोगी पडेल. भारतीय पारपत्र धारण करणाऱ्या अनिवासी भारतीयांना मूल सुचवले जाताना देशात राहणाऱ्या भारतीयांच्या बरोबरीने स्थान मिळते. मात्र गावी जाऊन नात्यातल्या मुलाचे नुसते दत्तकपत्र नोंदवून घेतले की काम झाले, ही समजूत घातक आहे. काराच्या प्रक्रियेतून न गेलेल्या अशा दत्तकपत्रावर मुलाला परदेशात नेणे अडते, आणि कागदोपत्री आई-बाप एका खंडात व मूल दुसऱ्या खंडात अशी अवस्था ओढवू शकते.

पालकांची पहिली कसोटी गृह अध्ययन अहवालाच्या वेळी लागते. समाजकार्यकर्ता घरी येऊन उत्पन्न, आरोग्य, पतिपत्नीमधील नाते आणि नातेवाइकांचा पाठिंबा यांविषयी चौकशी करतो. अमेरिकेत हेग करारातील देशांतून मूल आणणाऱ्या पालकांना किमान दहा तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. भारतीय नियमांप्रमाणे दांपत्याच्या सहजीवनाला निदान दोन वर्षे झालेली असावी लागतात, मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. पण या चौकशीचा सर्वांत नाजूक भाग नियमांच्या पलीकडचा असतो. अपत्यप्राप्तीसाठी वर्षानुवर्षे उपचार घेऊन थकलेल्या दांपत्याने न जन्मलेल्या मुलाचे दुःख पुरते पचवले आहे की नाही, हे पाहणे अत्यंत महत्त्वाचे असते, कारण ते दुःख तसेच राहिले तर घरी येणाऱ्या मुलावर दुसऱ्या कोणाची तरी जागा भरून काढण्याचे ओझे पडते, आणि ते कोणत्याही मुलाला पेलण्यासारखे नसते.

त्यानंतर हाती येतात मुलाविषयीची दोन कागदपत्रे: बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. स्वीकाराचा निर्णय कळवण्यास ३० दिवस मिळतात, आणि हे दिवस छायाचित्राकडे पाहत बसण्यात न घालवता अनुभवी बालरोगतज्ज्ञासमवेत अहवालाची ओळन् ओळ वाचण्यात घालवणे श्रेयस्कर असते. वजन आणि उंची यांपेक्षा डोक्याचा घेर महिन्यागणिक कसा वाढला, यावरून मेंदूच्या वाढीविषयी अधिक कळते. टाकून दिलेल्या मुलाची जन्मतारीख अनेकदा दात, हाडे आणि एकूण वाढ पाहून अंदाजाने ठरवलेली असते, त्यामुळे ‘वयाच्या मानाने मागे’ हा शेरा कधी वयाच्या चुकीच्या अंदाजातूनही आलेला असतो. भारतात जन्मलेल्या मुलाला बीसीजीची लस दिलेली असते, हे परदेशातील डॉक्टरला ठाऊक नसेल तर क्षयाच्या त्वचाचाचणीचा चुकीचा अर्थ लागू शकतो. आपल्याकडील पुष्कळ बाळांच्या पाठीवर आणि कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात, जे इथल्या कोणत्याही आजीला नवे नाहीत. पण गोऱ्या लोकांच्या देशात पाळणाघरातील शिक्षिकेला ते मारहाणीचे वळ वाटू शकतात, म्हणून पहिल्याच तपासणीत त्यांची लेखी नोंद करून घेण्याचा सल्ला दिला जातो. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली: कुपोषणानंतर पोटभर आहार मिळू लागला की शरीर झपाट्याने भरते, परंतु काही मुलींना मासिक पाळी अपेक्षेपेक्षा बरीच लवकर येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला याविषयी वेळेत समजावून सांगायचे तर आईला ते आधी माहीत हवे.

संस्थेतील वास्तव्याचा मनावर काय परिणाम होतो, यावर सर्वाधिक प्रकाश टाकला तो रुमानियातील मुलांच्या अभ्यासाने. १९८९ च्या अखेरीस चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथून, बहुतांशी भयाण अनाथालयांतून, ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या १६५ मुलांचा मागोवा मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत घेतला. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुले बहुतांशी इतर मुलांच्या बरोबरीला आली, त्याहून अधिक काळ संस्थेत राहिलेल्यांपैकी अनेकांना अडचणी राहिल्या, आणि तरीही दीर्घ काळ राहिलेल्यांतील काही जण उत्तम सावरले. भारतातील चांगल्या संस्थांची तुलना त्या अनाथालयांशी करणे अन्यायाचे होईल. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या ‘श्रीवत्स’सारख्या संस्थांत बाळांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या मावश्या आहेत. पण पाळी संपली की मावशी बदलते, आणि एकाच माणसाला आपले मानण्याची सवय, जिला मानसशास्त्रात आसक्तिबंध म्हणतात, ती लागायला मावशीची माया कितीही खरी असली तरी अपुरी पडते.

म्हणूनच घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सणासारखे साजरे करू नयेत, असे या क्षेत्रातील जाणकार आग्रहाने सांगतात. विमानतळावर हारतुरे घेऊन जमलेले आप्त, दुसऱ्याच दिवशी घरभर पाहुणे आणि प्रत्येकाने उचलून घेतलेले मूल, हे प्रेमाचेच रूप असले तरी मुलाच्या दृष्टीने ती अनोळखी चेहऱ्यांची आणखी एक लाट असते. भरवणे, आंघोळ घालणे, निजवणे आणि रडताना उचलणे ही कामे काही काळ केवळ आईवडिलांनी करावीत, घरातील आजीने देखील मन आवरून खेळण्यापुरते जवळ यावे, हे आपल्या एकत्र कुटुंबाच्या संस्कारात कठोर वाटते, परंतु ‘ही दोन माणसे जात नाहीत’ हे मुलाला कळण्याचा दुसरा मार्ग नाही. या काळात पालकांची फसगत करणाऱ्या काही खुणा आधीच ओळखून ठेवाव्यात. जे मूल कोणाच्याही मांडीवर हसत जाऊन बसते ते माणसाळलेले आहे असे समजून कौतुक केले जाते, वास्तविक आपला कोण आणि परका कोण हा भेद त्याच्या मनात तयारच झालेला नसण्याची शक्यता असते. जे बाळ रात्री जागे होऊनही रडत नाही ते शहाणे नसते. रडून कोणी येत नाही, हे ते कदाचित शिकलेले असते. उशीखाली पोळीचा तुकडा लपवणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा त्याच्या हाताला लागेल असा खाऊचा डबा ठेवावा, म्हणजे अन्न संपत नाही याची खात्री त्याला हळूहळू पटते. संस्थेत रांगेने निजलेल्या मुलाला स्वतंत्र खोलीतली शांतता भयंकर वाटू शकते, तेव्हा पालकांनी हौसेने रंगवलेली खोली काही महिने रिकामी राहिली तरी वाईट वाटून घेऊ नये. संस्थेतील दुपटे किंवा जुना सदरा मागून घ्यावा, तो धुऊ नये आणि मूल स्वतः सोडून देईपर्यंत त्याच्याजवळ राहू द्यावा, कारण ओळखीचा तेवढा एकच वास त्याच्यासोबत समुद्रापार आलेला असतो.

भाषेचेही असेच आहे. दत्तक गेलेली मुले पहिली भाषा आश्चर्यकारक वेगाने विसरतात, कारण ती बोलायला समोर कोणी उरत नाही. परंतु चीनमधून फ्रेंच भाषक कुटुंबांत दत्तक गेलेल्या मुलींवर माँट्रियल येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, चिनी भाषेचा एक शब्दही जाणीवपूर्वक न आठवणाऱ्या या मुलींचे मेंदू चिनी स्वरांना तसाच प्रतिसाद देत होते, जसा चिनी बोलणाऱ्यांचे मेंदू देतात. पुण्याच्या संस्थेतून मूल नेणाऱ्या परदेशी पालकांनी ‘भूक’, ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘शू’, ‘झोप’, ‘मी इथेच आहे’ एवढे मराठी शब्द शिकून घेतले तरी पहिल्या महिन्यातील निम्मी असहायता टळू शकते.

आठवणीच्या बाबतीत सरू ब्रायर्लीची हकीकत बोलकी आहे. १९८६ मध्ये बऱ्हाणपूरच्या स्थानकावर हरवलेला खांडव्याचा हा पाच वर्षांचा मुलगा आगगाडीने कोलकात्यास पोहोचला आणि पुढच्या वर्षी टास्मानियातील दांपत्याने त्याला दत्तक घेतले. त्याचे खरे नाव शेरू. बोबड्या उच्चारामुळे ते सरू झाले, आणि ‘गणेश तलाई’ या त्याच्या वस्तीचे नावही त्याच्या स्मृतीत मोडक्या रूपातच उरले. पण त्याच्या खोलीत भारताचा नकाशा लावणाऱ्या दत्तक आईने त्याच्या भूतकाळाला घरात जागा दिली होती, आणि पंचवीस वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांतून त्याने आपले गाव शोधून काढले तेव्हा तो शोध दत्तक आईवडिलांच्या विरोधात गेला नाही. मूळ शोधण्याची ओढ म्हणजे कृतघ्नता नव्हे, हे पालकांना ज्या दिवशी उमगते त्या दिवशी त्यांची तयारी बरीचशी झालेली असते.

या विषयाची काळी बाजूही पालकांपासून लपवू नये. नेदरलँड्सने २०२१ मध्ये परदेशी दत्तकविधाने काही काळ स्थगित केली, कारण सरकारी समितीला जुन्या दत्तकविधानांत खोटी कागदपत्रे आणि पैशाचे गंभीर गैरव्यवहार आढळले होते. २०२४ मध्ये चीनने आपल्या मुलांना परदेशी दत्तक देणे जवळपास बंद केले. अमेरिकेत २००४ मध्ये सुमारे २३ हजार मुले परदेशांतून दत्तक आली होती, तो आकडा आता त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली आहे. मुलाचा त्याग करणाऱ्या आईला भारतीय कायदा निर्णय फिरवण्यासाठी दोन महिन्यांची मुदत देतो, आणि ती मुदत प्रामाणिकपणे पाळली गेली का, हे विचारण्याचा संकोच दत्तकेच्छू पालकांनी करू नये; उशीर झाला म्हणून चरफडणाऱ्यांनी तर त्या दोन महिन्यांचा विचार त्या आईच्या बाजूने जरूर करून पाहावा.

उरलेला कायदेशीर प्रवास ठरलेल्या टप्प्यांचा आहे: काराचे ना हरकत प्रमाणपत्र, २०२२ पासून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून दिला जाणारा दत्तक आदेश, हेग कराराप्रमाणे प्रक्रिया पार पडल्याचे प्रमाणपत्र, पारपत्र आणि व्हिसा. मूल पाच वर्षांचे किंवा मोठे असेल तर त्याची संमती लागते. परदेशी पोहोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी त्याच्या प्रगतीचे अहवाल भारतात पाठवावे लागतात.

हेग कराराच्या तिसाव्या कलमाने मुलाच्या उगमाची माहिती जतन करण्याची जबाबदारी संबंधित यंत्रणांवर टाकली आहे, आणि भारतीय नियमांनुसार सज्ञान झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांच्या शोधासाठी अर्ज करता येतो, मात्र जन्मदात्या आईची गोपनीयता सांभाळूनच. ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषक जिंकलेली क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ मध्ये पुण्यात जन्मली आणि ‘श्रीवत्स’मधून दत्तक गेली, मोठेपणी ती त्या संस्थेत येऊन गेली. असे परतणे प्रत्येकाला हवेसे वाटेलच असे नाही. पण हवेसे वाटले तर हाताशी काहीतरी असावे, म्हणून मूल ताब्यात घेण्याच्या दिवशीच पालकांनी संस्थेच्या इमारतीचे, पाळण्याचे आणि परवानगी असल्यास सांभाळणाऱ्या मावशीचे छायाचित्र काढावे, मुलाला तिथे कोणत्या नावाने हाक मारत, काय भरवत आणि कोणती अंगाई म्हणत हे विचारून लिहून घ्यावे, आणि तो कागद दत्तक आदेशाच्याच पाकिटात ठेवावा.