कमवायला गेले, आता शिकायला निघाले

१९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. रंग निराळे, क्रमांकाआधी झेड हे अक्षर, पण मोल भारतातल्या रुपयाइतकेच. सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपली परकीय गंगाजळी आखाताच्या वाटेने झिरपत होती, ती थोपवण्यासाठी हा उपाय केला होता. दुबई आणि अबुधाबीच्या बाजारात या नोटा १९६६ पर्यंत चालल्या. त्या वर्षी ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तिथल्या शेखांनी रुपया सोडला. दुबईतली पहिली टपाल कचेरीही हिंदुस्थानी टपाल खात्याचीच, १९०९ सालची. आज संयुक्त अरब अमिरातीत पस्तीस लाखांहून जास्त भारतीय राहतात, देशाच्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. या गर्दीचे मूळ तेलापेक्षा जुने आहे, हे मागे वळून पाहताना आधी ध्यानात घ्यावे लागते.

तेव्हा जाणे बोटीने होते. मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी वाटेत आखाताची बंदरे घेत. ८ एप्रिल १९६१ रोजी त्यांतल्या ‘दारा’वर दुबईसमोरच्या समुद्रात स्फोट झाला आणि २३८ माणसे गेली. तरी फेऱ्या चालू राहिल्या. ‘द्वारका’ तर १९८२ पर्यंत धावत होती. अबुधाबीचे तेल १९६२ मध्ये आणि दुबईचे १९६९ मध्ये बाहेर पडले, २ डिसेंबर १९७१ रोजी अमिरातींचा संघ झाला, १९७३ मध्ये दिरहम आला. त्याच वर्षी जगात तेलाचे भाव भडकले आणि बंदरे, रस्ते, इमारती बांधायला हात हवे झाले.

कोकणातून गेलेल्यांत खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली माणसे पुष्कळ, आणि त्यांत कोकणी मुसलमान कुटुंबांचा वाटा मोठा. वेल्डर, फिटर, सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी. मुंबईत एजंटाच्या ऑफिसात इंटरव्ह्यू, मग ट्रेड टेस्ट, मग मेडिकल, आणि व्हिसा हातात पडेपर्यंत एखाद्या नातलगाच्या खोलीत मुक्काम. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने या वाटेवर एक चौकी बसवली. कमी शिकलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का आणि त्याला सरकारी मंजुरीशिवाय विमानात पाऊल ठेवता येत नसे. शिकलेला सुटे. आजही दहावी पास झालेल्याला ही अट लागू होत नाही. आखाती नोकरीच्या साऱ्या व्यवहारात शिक्षणाला किंमत होती ती मुख्यतः अशी, दार उघडणारा कागद म्हणून. पदवीधराला निराळी फेरी पडे. कागदपत्रांना परस्पर मान्यता देणाऱ्या आपोस्टील कराराबाहेर अमिराती राहिल्यामुळे विद्यापीठ, मंत्रालय, दिल्लीचे परराष्ट्र खाते, अमिरातीचा दूतावास अशा एकामागून एक सह्या-शिक्के घेतल्याशिवाय पुण्या-मुंबईच्या पदवीला तिथे पदवी म्हणत नसत. ‘अटेस्टेशन झालं का?’ हा प्रश्न तिकडे निघालेल्या प्रत्येक इंजिनिअरच्या घरात ऐकू आलेला आहे.

पन्नास वर्षांच्या या प्रवासात आपण नेहमी पैसे पाठवणाऱ्या बापाची गोष्ट सांगतो. मला त्याच्या मुलांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती क्वचितच सांगितली गेली. मुळात कुटुंब तिकडे नेणे सगळ्यांना परवडणारे नव्हते. बायको-मुलांच्या व्हिसासाठी पगाराची किमान पायरी ठरलेली, चार हजार दिरहम, किंवा कंपनीने घर दिले असेल तर तीन हजार. त्या पायरीखालच्या माणसाचा संसार गावीच राहिला आणि तो दोन वर्षांतून एकदा घरी येत राहिला. जे पायरीच्या वर होते त्यांची मुले दुबईच्या इंडियन हायस्कूलसारख्या शाळांत शिकली. ही शाळा १९६१ ची, अमिराती देश म्हणून उभी राहण्याच्या दहा वर्षे आधीची. तिथे सीबीएसई मिळाली, मराठी राहिली ती घरात, गणपतीत आणि मंडळाच्या कार्यक्रमात. आणि बारावी झाली की सामान बांधायचे.

का, तर पुढचे शिक्षण तिथे फारसे नव्हतेच. मुलगा अठराचा झाला आणि शिकत नसला, तर बापाच्या व्हिसावर राहताही येत नसे. म्हणून आखातातल्या कामगारांच्या मुलांसाठी भारत सरकारने एनआयटींसारख्या संस्थांत वेगळ्या जागा ठेवल्या. अमिरातीत वाढलेला मुलगा सुरतकल नाहीतर नागपूरच्या वसतिगृहात येऊन पडे. शारजाच्या रोला भागातल्या दोन खोल्यांतून थेट मेसच्या रांगेत. त्याला वीज जाणे नवे, बसची गर्दी नवी. पासपोर्ट भारताचा, पण देश अनोळखी. परदेशात शिकायला जाणाऱ्याचे सगळे हाल त्याने स्वतःच्या देशात येऊन सोसले आणि त्याला कोणी परदेशी विद्यार्थी म्हटलेही नाही. हे ओझे त्या पिढीने फार न बोलता उचलले.

याच काळात अरब आणि इतर परदेशी मुलगे उलट्या वाटेने पुण्यात शिकायला येत होते. ‘सिम्बायोसिस’चा जन्म त्यातूनच झाला. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर. कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका मुलाला एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून डबा देताना त्यांनी पाहिली. परक्या गावात आजारी पडलेल्याला माणूस लागतो, हे त्यांच्या मनाने घेतले आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९७१ मध्ये संस्था काढली. अमिरातींचा संघ झाला तेच हे वर्ष. नोव्हेंबर २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांच्या हस्ते याच सिम्बायोसिसच्या दुबईतल्या शाखेचे उद्घाटन झाले. परदेशी मुलांना पुण्यात आधार देणारी संस्था परदेशात जाऊन बसली. त्रेपन्न वर्षांत शिक्षणाच्या वाटेने घेतलेले वळण यापेक्षा ठळकपणे कुठे दिसत नाही.

तोवर जमीन तयार झाली होती. बिट्स पिलानी आणि मणिपाल २००० मध्ये दुबईत आले. २००३ मध्ये नॉलेज व्हिलेज, २००७ मध्ये ॲकॅडेमिक सिटी उभी राहिली. आयआयटी दिल्लीची अबुधाबी शाखा २०२४ मध्ये सुरू झाली, अहमदाबादचे आयआयएम २०२५ मध्ये दुबईत पोचले. २०२१ पासून ‘नीट’चे केंद्रही दुबईत आहे. मराठी वाचकाला आणखी एक आठवेल: दुसरे विश्व मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये दुबईत भरले, अध्यक्ष मंगेश पाडगावकर. तिथली मराठी वस्ती आता केवळ कामगारांची उरली नाही, हे त्या मांडवात दिसले होते.

आता नाशिक-कोल्हापूरचे मुलगे-मुली थेट शिकायला दुबईला निघतात. अमेरिका-ब्रिटनपेक्षा घर जवळ, विमान तीन तासांचे, शिक्षणासोबत नोकरीची आशा. ही आशा खोटी नाही. पण तिच्यामागचा हिशेब घरच्यांना कोणी नीट समजावून देत नाही, याची मला काळजी वाटते. विद्यार्थ्याचा व्हिसा वर्षावर्षाने नव्याने काढावा लागतो आणि तो विद्यापीठाच्या नाहीतर पालकाच्या जबाबदारीवर असतो. शिक्षण संपले की मुदत संपायच्या आत नोकरी देणारा मिळवायचा. नाही मिळाला तर परत. परदेशातल्या राहण्याचा धागा दुसऱ्याच्या हातात असणे ही आखाताची जुनी रीत. कफीलची, म्हणजे परक्या माणसाची जबाबदारी घेणाऱ्या स्थानिक मालकाची, जागा कधी कंपनीने घेतली, कधी विद्यापीठाने.

ही रीत किती महाग पडली, त्याची एक तारीख विसरू नये. व्हिजिट व्हिसा संपला की देशाबाहेर जाऊन नवा काढायचा, म्हणून बेकार भारतीय इराणच्या किश बेटावर जाऊन राहत, पैसे असतील तितके दिवस. १० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून येणारे विमान शारजाला उतरताना कोसळले आणि ४३ जण मेले. व्हिसाच्या फेरीसाठी गेलेले भारतीयही त्यात होते.

अलीकडे कायदा बराच सैल झाला, हेही खरे. २००९ पासून पगार बँकेमार्फत नोंदवून देण्याची व्यवस्था आली, २०१९ मध्ये गोल्डन व्हिसा. २०२२ च्या नव्या प्रवेश-निवास नियमांनंतर नोकरी सुटल्यावर देश सोडायला पूर्वीच्या एका महिन्याऐवजी, व्हिसाच्या प्रकारानुसार, सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू लागली. मुलग्यांना बापाच्या व्हिसावर पंचविसाव्या वर्षापर्यंत राहता येते. उत्तम गुण मिळवणाऱ्या पदवीधराला दहा वर्षांचाही व्हिसा मिळू शकतो. जन्मापासून तिथेच राहिलेल्या मुलीला किंवा मुलाला नागरिकत्व मात्र सहसा मिळत नाही. मोजक्या निवडक गुणवंतांसाठी २०२१ मध्ये एक दार किलकिले झाले, तेवढेच. बाकीच्यांना दुबई कितीही आपली वाटली तरी कागदावर ते परकेच.

केरळने १९९६ मध्येच परदेशातल्या मल्याळींसाठी सरकारचे वेगळे खाते काढले. आपल्याकडे या वाटेची माहिती मुख्यतः चुलत्याकडून, मामाकडून, गावातल्या दुबईहून आलेल्या शेजाऱ्याकडून मिळत आली आहे. ती माणसे मनापासून सांगतात. पण त्यांना ठाऊक आहे ती वेल्डरच्या व्हिसाची वाट. दुबईतल्या शाखेची पदवी अमिरातीत कुठे आणि कशी मान्य होते, महाराष्ट्रात परतल्यावर तिचे काय, फी भरून निम्म्यातून शिक्षण सोडावे लागले तर व्हिसाचे काय, कर्जाचा हप्ता दिरहममध्ये कमावून फिटेल का रुपयात, हे आज बारावीच्या निकालानंतर विचारणारी आई चिपळुणात आहे आणि तिला उत्तर देणारी खिडकी जिल्ह्याच्या ठिकाणी उघडायला हवी. प्रवेशाचे एजंट तिच्यापर्यंत केव्हाच पोचले आहेत.