बाळाच्या अंगावरची वाढती गाठ

आंघोळ घालताना आजीच्या हाताला बाळाच्या मांडीवर किंवा पाठीवर मऊ गाठ लागते. दुखत नाही, ताप नाही. 'चरबीची असेल, जिरेल' म्हणत महिने जातात. मोठ्या माणसांत चरबीच्या गाठी नेहमीच्याच. पण ३ वर्षांखालील मुलात तशी गाठ भराभर वाढू लागली, तर लिपोब्लास्टोमाची शंका घ्यावी. अपक्व चरबीपेशींची ही दुर्मिळ गाठ. नाव भीतिदायक असले तरी हा कर्करोग नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. मात्र कधी स्नायूंत शिरते, कधी शेजारच्या नसा दाबते.

नुसते चाचपून हिचे निदान होत नाही (हे आम्हा डॉक्टरांनाही लागू!). आधी सोनोग्राफी, बहुधा एम.आर.आय.; खात्री मात्र गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. केमोथेरपी लागत नाही. बालशल्यचिकित्सकाने गाठ संपूर्ण काढणे हाच उपचार. थोडी राहिली तर पुन्हा वाढू शकते, म्हणून टाके निघाल्यावरही काही वर्षे तपासणीस न्यावे. लेप, शेक, डाग यांत वेळ घालवू नये. काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगा आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला तोच लागतो.